बोय रंगवताना: पहिला एअरब्रश कोणता घ्यावा?

[दृश्य: टेबलावर पांढरं अस्तर दिलेला लाकडी मासा]

पांगाऱ्याचं लाकूड. वजनाला हलकं, चाकूला मऊ. सावंतवाडीची खेळणी करायलाही हे वापरतात. कोरून, घासून, वर पांढरं अस्तर चढवलंय. आता याची बोय, म्हणजे खाडीतला मासा, करायची आहे. रायगडच्या खाड्यांत बोय झुंडीनं फिरते, आणि तिच्या मागावर जिताडा हा शिकारी मासा असतो. हौसेनं गरवायला जाणारे आता ल्युअर, म्हणजे हा खोटा मासा, घरीच रंगवू लागलेत. पहिला एअरब्रश, म्हणजे हवेच्या दाबानं रंग फवारणारं हातातलं यंत्र, कोणता घ्यावा, हा प्रश्न तिथूनच सुरू होतो.

[दृश्य: ट्रिगरवर तर्जनी, अगदी जवळून]

बोटाकडे लक्ष द्या. ट्रिगर खाली दाबला, हवा सुटली. तोच मागे ओढला, आतली सुई सरकली आणि रंग आला. हा डबल अॅक्शन. सिंगल अॅक्शनमध्ये रंग किती यावा ते आधी फिरकीनं ठरवायचं आणि मग नुसतं दाबायचं. शिकायला सोपा, म्हणून नवखे तो उचलतात. ल्युअरसाठी तो घेऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

[दृश्य: पाठीवर पहिला गडद फवारा]

कारण समोर दिसतंय. बोयीची पाठ शेवाळी-करडी, पोट पांढरं. वरून पाहणाऱ्याला पाठ खालच्या गढूळ पाण्यात मिसळते, खालून पाहणाऱ्याला पोट उजेडात हरवतं. या दोन्हींच्या मधे, कुशीवर, रंग विरत विरत संपला पाहिजे. हात पुढे सरकत असताना बोट हळूहळू सैल करायचं, तेव्हा तो असा विरतो. फिरकीला हे जमत नाही.

[दृश्य: वरचा छोटा कप, त्यात रंगाचे थेंब]

रंगाचा कप वर असलेला घ्या. रंग आपल्या वजनानं खाली उतरतो, कमी दाबावर काम होतं, आणि एका ल्युअरला पुरतात तेवढेच थेंब घालता येतात. बाटली खाली लटकणारा एअरब्रश मोठ्या पृष्ठभागाला ठीक.

नोझल, म्हणजे रंग बाहेर पडतो ते भोक, ०.३ ते ०.५ मिलिमीटर. इवाता कंपनीचा एक्लिप्स एचपी-सीएस ०.३५चा आहे, बॅजर कंपनीचा पॅट्रियट १०५ हा ०.५चा. ०.२च्या मोहात पडू नका. मोत्याची झाक देणाऱ्या रंगात अभ्रकाचे कण असतात, ते बारीक नोझलमध्ये अडकून बसतात. शिवाय खाडीच्या गढूळ पाण्यात केसाएवढी रेघ जिताड्याला दिसायची कशी? त्याला दिसतो तो गडद-उजळ फरक.

[दृश्य: कॉम्प्रेसर, टाकी, काचेच्या वाटीत साचलेलं पाणी]

आता ही वाटी पाहा. हे पाणी हवेतलं आहे. कोकणातली दमट हवा कॉम्प्रेसरनं दाबली की तिच्यातलं पाणी सुटतं, आणि वाटेत अडवलं नाही तर थेट रंगात येऊन थुंकतं. तासाभराची मेहनत एका थेंबात जाते. म्हणून पैसे आधी इथे घाला: छोटी का होईना पण टाकी, दाब कमीजास्त करायचा रेग्युलेटर, आणि हा पाणी अडवणारा फिल्टर. टाकी नसली की हवा धक्क्याधक्क्यानं येते आणि रेघ थरथरते. गाडीच्या टायरमध्ये हवा भरायचा पंप इथे चालत नाही.

दाब २० ते ३० पीएसआय (दर चौरस इंचाला पौंड), बारीक कामाला त्याहून कमी. रंग पाण्यात मिसळणारा अॅक्रिलिक, दुधाइतका पातळ. प्रत्येक थर हेअर ड्रायरनं वाळवायचा. तोंडावर मास्क हवाच. रंग पाण्याचा असला तरी त्याचा धुरळा छातीत जातो.

[दृश्य: माशाभोवती जाळीचं कापड, चिमट्यांनी ताणलेलं. फवारा. जाळी निघते.]

खवले उठवायला ओढणीला लावतात तसलं साधं जाळीचं कापड. ते अंगाला घट्ट ताणून बसवायचं. कुठे सैल राहिलं तर तिथे खवले पुसट येतात. एअरब्रश जरा लांब धरून चंदेरीवर करड्याचा हलका हात.

[जाळी निघेपर्यंत निवेदन थांबते]

फिनलंडचे मासेमार लाउरी रापाला यांनी १९३६मध्ये बुचातून ल्युअर कोरला, तेव्हा चंदेरी अंगासाठी चॉकलेटची चांदी गुंडाळली होती आणि वर वितळवलेल्या फोटोच्या निगेटिव्हचा थर दिला होता. हाती एअरब्रश नव्हता, पण त्यांच्या तळ्यातला मासा त्यांच्या नजरेत पक्का होता. आपल्याकडे मिळणारे बहुतेक ल्युअर परदेशी माशांच्या रंगात येतात. खाडीतली बोय रंगवायची तर ती पाहिलेला हातच लागतो.

[दृश्य: मोटरवर सावकाश फिरणारे ल्युअर]

डोळा चिकटवला, वर दोन भाग मिसळून लावायचं, कडक होणारं पारदर्शक इपॉक्सी. ते ओघळू नये म्हणून वाळेपर्यंत फिरवत ठेवायचं. मग ट्रेबल हुक, म्हणजे तीन टोकांचा गळ. कालवं लागलेल्या खडकांत अडकून काही ल्युअर दोऱ्यासकट तुटतात आणि हुकांसह खाडीतच राहतात.

[दृश्य: एअरब्रश सुटा करताना]

पुढचा मासा मांदेलीचा, सोनेरी. त्याआधी कप धुवायचा, नोझलचं तोंड बोटानं दाबून हवा उलटी कपात बुडबुडवायची, सुई काढून पुसायची. पुसताना नेहमी टोकाच्या दिशेनं. टोक वाकलं की फवारा एका बाजूला जातो, आणि मग नवी सुई आणावी लागते.