कातडीने पाणी पिणारा प्राणी

तळ्यावर बर्फाचा पापुद्रा धरला आहे आणि त्याखालच्या गाळात एक बेडूक निश्चल बसून आहे. त्याची फुप्फुसे सध्या कामात नाहीत; थंडीमुळे शरीराची गरज इतकी मंदावली आहे की पाण्यात विरघळलेला जो प्राणवायू कातडीतून आत झिरपतो, तेवढ्यावर त्याचा हिवाळा निभावतो. त्याचे अनेक भाईबंद मात्र जमिनीवरच, ओंडक्यांखाली किंवा दगडांच्या सांदीत, शीतनिद्रा घेतात.

हा युरोपातील सामान्य बेडूक. कार्ल लिनिअस यांनी १७५८ मध्ये त्याला ‘राना टेम्पोरारिया’ हे नाव दिले. त्यातील दुसरा शब्द त्याच्या कानशिलावरच्या गडद पट्ट्यावरून आला आहे. रंगावरून त्याची ओळख पटवणे अवघड, कारण तो हिरवट, तपकिरी, पिवळसर, क्वचित लालसरही असतो.

वसंताची चाहूल लागताच नर उथळ पाण्यात जमतात आणि खालच्या पट्टीत घुरघुरू लागतात. त्यांच्या पुढच्या पायांच्या पहिल्या बोटावर काळसर, खरखरीत गादी येते, त्यामुळे निसरड्या मादीवरची मिठी सुटत नाही. ही मिठी आंधळीच म्हणावी लागेल. कधीकधी नर दुसऱ्या नरालाच कवटाळतो. मादी साधारण १,००० ते २,००० अंडी एकाच पुंजक्यात घालते आणि प्रत्येक अंड्याभोवतीचे पारदर्शक आवरण पाण्याने फुगते.

दोन-तीन आठवड्यांत बाहेर आलेला बेडूकमासा कल्ल्यांनी श्वास घेतो आणि शेवाळ खरवडून जगतो. पुढे आधी मागचे पाय फुटतात, मग पुढचे. शेपूट गळून पडते असा समज आहे, तो खरा नाही. ती हळूहळू शरीरातच जिरते आणि त्या काळात तोंड बदलत असल्याने खाणे थांबलेल्या पिल्लाला तिचाच आधार असतो.

जेमतेम सेंटीमीटरभराचे हे पिल्लू किनाऱ्यावर चढते, ते बहुधा पावसाळी हवेत, कारण कातडी ओली राहिली तरच तिच्यातून श्वास चालतो. म्हणूनच प्रौढ बेडूकही गोगलगायी, गांडुळे आणि किडे टिपायला रात्री निघतो. घास गिळताना तो डोळे मिटतो. डोळ्यांचे गोळे आत दबून भक्ष्य घशाकडे ढकलले जाते. तहान मात्र तोंडाने भागत नाही, ओल्या जमिनीला पोट टेकवले की कातडी पाणी शोषते. ती जुनी झाली की तो अंग वळवून तिला सैल करतो, तोंडाकडे ओढतो आणि गिळून टाकतो.