पस्तीस किलोवॅटच्या आतली गाडी

[दृश्य: यामाहा एक्सटी 500 चं इंजिन, उजव्या बाजूनं अगदी जवळून]

सिलिंडरच्या डोक्याशी ही बारीकशी काचेची खिडकी बघा. एकच सिलिंडर, 499 सीसी, बटण-स्टार्ट नाही. डाव्या हाताशी सिलिंडरमधला दाब सोडणारा, डीकॉम्प्रेशनचा छोटा लिव्हर असतो. तो दाबायचा, किक हळूहळू खाली न्यायची, खिडकीत चंदेरी खूण दिसली की थांबायचं. मग लिव्हर सोडून एकच दणदणीत किक. जुनी बुलेट चालवलेल्यांना हे वेगळं सांगायला नको. अँमीटरच्या काट्याकडे नजर ठेवून तेही हेच करायचे.

26 डिसेंबर 1978. पॅरिसच्या त्रोकादेरोहून मोटारी, ट्रक आणि मोटरसायकली सहारा ओलांडून सेनेगलमधल्या डाकारकडे निघाल्या. अंतर सुमारे 10,000 किलोमीटर. ही शर्यत भरवणारा थिएरी साबीन 1977 साली स्वतः वाळवंटात वाट चुकून मरता मरता वाचला होता. पहिला आला सिरिल नव्हू, वय वर्षं 22, आणि त्याच्याखाली होती एक्सटी 500. पुढच्या वर्षीही तोच जिंकला, त्याच गाडीवर.

डांबरी रस्त्यावर नीट चालणारी आणि डांबर संपलं तरी न थांबणारी, ती ड्युअल-स्पोर्ट. हलकी, साधी, रस्त्याच्या कडेला बसून दुरुस्त करता येईल अशी. युरोपातल्या तरुणांना ती आवडली ती याच साधेपणामुळे.

[दृश्य: संग्रहालयात ठेवलेली पांढरी बीएमडब्ल्यू, निळ्या पट्ट्यांची टाकी]

1980 साली बीएमडब्ल्यूनं आर 80 जी/एस आणली. कंपनीचा मोटरसायकल विभाग तेव्हा अडचणीत होता. दोन सिलिंडर, चेनऐवजी शाफ्ट, मागचं चाक एकाच बाजूनं धरलेलं. जाणकारांनी नाकं मुरडली, कच्च्या रस्त्याला एवढं मोठं इंजिन कशाला म्हणून. 1981 मध्ये युबेर ओरिओलनं याच घराण्यातल्या गाडीवर डाकारची शर्यत जिंकून दाखवली आणि विषय संपला. विभाग तरला, एक नवा बाजारही उभा राहिला.

त्या पहिल्या जी/एसचं वजन होतं सुमारे 186 किलो. आजची आर 1300 जीएस 237 किलोची आहे. तिच्या आधीच्या पिढीतली ॲडव्हेंचर तर 268 किलोची. इंजिन वाढलं, डिजिटल स्क्रीन आले, गरम होणारी सीट आली, किंमत चढत गेली. गाड्या उत्तम आहेत, त्यात वाद नाही. पण चिखलात आडवी झालेली 268 किलोची गाडी एकट्यानं उभी करून बघा, मग मी काय म्हणतोय ते कळेल. आणि जायचं तरी कुठं? जर्मनीत जंगलातल्या वाटा मोटरसायकलला जवळजवळ बंदच. इंग्लंडमध्ये 2006 च्या कायद्यानं कितीतरी जुन्या गाडीवाटा मिटल्या. वाळवंटासाठी घडवलेली गाडी बहुतेकदा महामार्गावरच धावते.

[दृश्य: रोम, सकाळची गर्दी, दगडी फरशीचा रस्ता]

आता इटलीत येऊ, कारण खरा बदल इथं दिसतो. हा स्कूटरचा देश. 1946 साली पोंतेदेराच्या पियाज्जिओ कारखान्यातून व्हेस्पा निघाली, तीच पुढं बजाजनं पियाज्जिओच्या परवान्यानं आपल्या घराघरात आणली. रोममध्ये आज सगळीकडे दिसते ती होंडाची एसएच. तिची चाकं बघा, 16 इंची. दगडी फरशी आणि ट्रामचे रूळ यांवरून लहान चाक आपटतं, मोठं चाक निभावून नेतं. ती बनतेही इटलीतच, आतेस्सा गावी. इथं कारच्या लायसन्सवर 125 सीसीपर्यंतची दुचाकी चालवता येते, त्यामुळे ऑफिसला जाणारा माणूस वेगळी परीक्षा न देता स्कूटर घेतो. कधीकाळी शाळकरी पोरांच्या हाती असलेली 50 सीसीची मोपेड मात्र आता फारशी दिसत नाही.

आणि या स्कूटरलाही कच्च्या रस्त्याचा मोह पडलाच. होंडाची एक्स-एडीव्ही पाहा, 745 सीसी, आऱ्यांची चाकं, उंच सस्पेन्शन, क्लचचा लिव्हरच नाही. ड्युअल-स्पोर्टचा रुबाब आणि स्कूटरची सोय एकत्र. इटलीत ती दणक्यात खपते. शहरातून कधी बाहेर न पडणाऱ्यालाही बाहेर पडता येईल एवढा भरवसा हवा असतो, हे मला फार मानवी वाटतं.

मोटरसायकलींत 2020 आणि 2021 साली इटलीत सर्वांत जास्त खपली ती जर्मन नव्हती, जपानीही नव्हती. ती होती बेनेल्लीची टीआरके 502. बेनेल्ली हे पेसारो गावचं 1911 चं नाव. विधवा तेरेसा बेनेल्लीनं सहा मुलांसाठी काढलेलं वर्कशॉप. 2005 पासून मालक चिनी, छ्यानज्यांग कंपनी. गाडीचा आराखडा पेसारोत, बांधणी चीनमध्ये, किंमत मोठ्या जीएसच्या निम्म्याहून खूप कमी. गिऱ्हाइकानं खिसा चाचपला आणि निर्णय घेतला.

खिशाइतकंच वजन कायद्याचं आहे. युरोपीय संघात 18 वर्षांच्या मुलाला ए-टू लायसन्स मिळतं, त्यावर 35 किलोवॅटपर्यंतचीच गाडी चालवता येते. म्हणजे सुमारे 47 हॉर्सपॉवर. त्यात धुराचे नियम. युरो 4 आलं तशी यामाहाची एक सिलिंडरची एक्सटी 660 बंद झाली. युरो 5 नं नायट्रोजन ऑक्साइडची मर्यादा किलोमीटरला 0.06 ग्रॅमवर आणली. नवं इंजिन, धूर साफ करणारा नवा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर, नवी तपासणी. हा खर्च काढायचा तर गाड्या लाखांनी विकाव्या लागतात. मग 35 किलोवॅटच्या आतली, स्वस्त आणि नियमात बसणारी गाडी बनवायची कुणी?

[दृश्य: चाकण एमआयडीसी, शिफ्ट सुटताना]

बजाजनं 2007 साली ऑस्ट्रियाच्या केटीएममध्ये साडेचौदा टक्के भाग घेतला. 2011 पासून चाकणची 125 ड्यूक युरोपात जाऊ लागली. मग 390, मग 390 ॲडव्हेंचर. ट्रायम्फच्या 400 सीसीच्या गाड्याही चाकणच्याच. बारामतीत पियाज्जिओच्या कारखान्यात अप्रिलिया 457 बनते आणि ती इटलीत विकली जाते. व्हेस्पा तिकडून इकडे आली होती. आता वाट उलटी वाहते आहे.

2024 च्या अखेरीस केटीएम कोसळली. कोविडच्या तेजीत भरमसाठ गाड्या बनवल्या, मागणी ओसरली, माल गोदामात पडून राहिला. त्यात 1 जानेवारी 2025 पासून युरो 5 प्लस सक्तीचं. त्याआधीच जुन्या गाड्यांचं पासिंग उरकून घ्यायला युरोपभर डीलरांची धावपळ उडाली. 29 नोव्हेंबरला केटीएमनं कोर्टात दिवाळखोरीचा अर्ज केला, डिसेंबरमध्ये ऑस्ट्रियातल्या मॅटिगहोफेनचा तिचा कारखाना थांबला. आणि त्याच जानेवारीत डॅनिएल सँडर्सनं केटीएमवर डाकार जिंकलं! घेणेकऱ्यांनी आपल्या पैशाच्या 30 टक्क्यांवर तडजोड केली. पैसा उभा केला बजाजनं, एकूण 80 कोटी युरो. 2025 संपायच्या आत कंपनीचा ताबा पुण्याकडे आला.

मॅटिगहोफेनच्या कामगारांची चिंता मला खरी वाटते. कारखान्यावर उभं असलेलं गाव म्हणजे काय, ते पिंपरी-चिंचवडला ठाऊक आहे. पण चाकणच्या 390 एन्ड्युरो आर कडे बघताना अभिमान वाटतो, तो लपवणार नाही. एक सिलिंडर, 399 सीसी, 35 किलोवॅटच्या आत, एक्सटीसारखीच अंगानं सडपातळ.

मात्र 2025 मध्ये ती भारतात आली तेव्हा तिच्या पुढच्या सस्पेन्शनचा प्रवास, म्हणजे चाकाला खालीवर व्हायची मुभा, 200 मिलिमीटर होता. युरोपात जाणाऱ्या गाडीला 230. सह्याद्रीतल्या घाटवाटा काही कमी खडकाळ नाहीत. निर्णय आता पुण्यात होतात, तर ते 30 मिलिमीटर इथल्या प्रत्येक शोरूममध्येही मिळायला हवेत.