बिल कुणाच्या नावावर?

31 जानेवारी 1940. पडद्यावर दिसतोय तो चेक 22 डॉलर 54 सेंटचा. अमेरिकेच्या सामाजिक सुरक्षा योजनेतलं हे पहिलं मासिक पेन्शन. ते मिळालं आयडा मे फुलर यांना. व्हरमाँट राज्यातल्या लडलो गावच्या, वकिलाच्या कचेरीत नोकरी केलेल्या. योजनेसाठी तीन वर्षांत त्यांच्या पगारातून कापले गेले होते फक्त 24 डॉलर 75 सेंट. म्हणजे दुसऱ्याच चेकला सगळं वसूल! बाईंनी शंभरी गाठली. 1975 साली गेल्या, तोवर हाती आले होते 22,888 डॉलर 92 सेंट.

यात लबाडी काहीच नव्हती. त्यांचे पैसे त्यांच्या नावाने कुठल्या तिजोरीत वाढत नव्हते, एवढंच. जे तेव्हा कामावर होते, त्यांच्या पगारातली कपात मुख्यतः आयडाबाईंसारख्यांकडे जायची. आणि कपात सोसणाऱ्यांच्या म्हातारपणाची सोय? ती त्यांच्यामागून येणाऱ्यांच्या पगारातून. कमावणारे भरपूर, तोवर हे बिनबोभाट चालतं. मुलं कमी जन्मू लागली, माणसं जास्त जगू लागली, की ओढाताण सुरू होते. कर वाढवा, पेन्शन कापा, निवृत्तीचं वय पुढे ढकला. यातलं काहीही केलं तरी मतं जातात.

त्यापेक्षा कर्ज सोपं. ब्रिटनने पहिल्या महायुद्धासाठी 1917 साली काढलेलं कर्ज 1932 मध्ये व्याज उतरवून नव्याने मांडलं, आणि त्यातलं शेवटचं फेडलं 9 मार्च 2015 रोजी. त्या युद्धातला एकही सैनिक तेव्हा हयात नव्हता. व्याज भरत होती नातवंडं-पतवंडं. अर्थात, रोखे हाती असलेली, व्याज घेणारीही त्याच पिढ्यांतली! म्हणून कर्ज दिसलं की पुढच्यांना लुटलं, असं म्हणणं मला घाईचं वाटतं. कर्जातून धरण झालं, तर त्याचं पाणी वापरणाऱ्याने हप्ता भरावा, यात गैर काय? कर्ज आजच्या खाण्यापिण्यात उडालं, तर मात्र गोष्ट वेगळी.

1991 साली ऑरबाख, गोखले आणि कॉटलिकॉफ या अर्थतज्ज्ञांनी जन्मसालानुसार हिशेब मांडायची पद्धत आणली. उरलेल्या आयुष्यात तुम्ही कर किती भराल, सरकारकडून किती घ्याल, ते आजच्या किमतीत. व्याजदराचं गृहीतक जरा हललं की आकडे बदलतात, हा त्यावरचा आक्षेप खराच आहे. पण सरकारच्या बिलातलं जे आज हयात असलेल्या सगळ्यांच्या खात्यांतून भरून निघत नाही, ते जातं कुणाच्या नावावर, ते पाहा. या हिशेबाच्या तक्त्याची शेवटची ओळ: अजून न जन्मलेले.