शंखाकृती कॅम आणि एक दमलेला पक्षी

आजचा जाहीर झालेला विषय ‘साधी यंत्रे आणि संग्रहालयातील कला’ असा आहे, आणि त्याकडे मी वळेनच. परंतु आधी एका लाकडी पक्ष्याविषयी बोलल्यावाचून मला राहवत नाही. पुढच्या रांगेतील मंडळी हसू लागली आहेत, यावरून हा पक्षी त्यांनी पूर्वी ऐकलेला दिसतो.

तो मी एका विज्ञान-प्रदर्शनासाठी बनवला होता. हँडल फिरवले की आसावरचा शंखाच्या आकाराचा कॅम, म्हणजे फिरता फिरता तिच्यावर टेकलेली काडी वर-खाली करणारी चकती, पंखाची काडी हळूहळू वर उचलत असे आणि कॅमची कड जेथे एकाएकी तुटते तेथे पंख धपकन खाली येत. पक्षी अगदी दमलेला वाटे. असा कॅम एकाच दिशेने फिरतो. उलट फिरवल्यास काडी त्या उभ्या कडेला अडते. पहिल्याच तासात एका मुलीने हँडल उलट फिरवले आणि काडी मोडली. मी दिशादर्शक बाण रंगवला, तर मुले बाण पाहून मुद्दाम उलट फिरवू लागली. आयोजकांनी हँडल काढून मोटर आणि बटण बसवण्याची सूचना केली, तिचा राग मला अजूनही आहे. कारण बटण दाबणाऱ्या बोटाला पंखाचे वजन कळत नाही. शेवटी मी दोन्ही बाजूंना सारखा उतार असलेला कॅम बसवला. मोडतोड थांबली, पण पंख शहाण्यासारखे, एका लयीत हलू लागले आणि पक्ष्याचा थकवा पार गेला. त्याचा स्वभाव चोचीत किंवा रंगात नव्हताच. तो कॅमच्या कडेत होता, आणि ती कड मी कोनमापक घेऊन आखलेली होती. अखेरीस जुना कॅम परत लावून हँडलला रॅचेट, म्हणजे एकाच दिशेने जोर पोहोचवणारे दातेरी चाक, जोडले, त्यामुळे उलट फिरवल्यास नुसता कटकट आवाज होतो. आता निम्मी मुले केवळ त्या आवाजासाठीच येतात.

दहा मिनिटे उरल्याची चिठ्ठी आली आहे, तेव्हा विषय थोडक्यात उरकतो. भौतिकशास्त्रज्ञ फ्रँक ओपेनहायमर यांनी १९६९ साली सॅन फ्रान्सिस्कोत एक्स्प्लोरेटोरियम सुरू केले, तेव्हा प्रदर्शने घडवणारी कार्यशाळा प्रेक्षकांच्या डोळ्यांसमोर ठेवली आणि कलावंतांनाही सोबत घेतले. तरफ, कप्पी, चाक-आस, उतरण, पाचर आणि स्क्रू या साऱ्यांचा हिशेब एकच आहे: घर्षण सोडल्यास, जोर निम्मा लावायचा तर अंतर दुप्पट कापावे लागते. हाच हिशेब आर्थर गॅन्सन या शिल्पकाराने टोकाला नेला. त्याच्या एका यंत्रात वर्म गिअरच्या, म्हणजे स्क्रूसारखा दांडा आणि त्याने फिरणारे दातेरी चाक यांच्या, बारा जोड्या असून प्रत्येक जोडी वेग पन्नासपटीने घटवते. मोटर मिनिटाला सुमारे २०० फेरे घेते, तर शेवटच्या चाकाच्या एका फेऱ्याला दोन लाख कोटींहून अधिक वर्षे लागतील. ते चाक त्याने सरळ काँक्रीटच्या ठोकळ्यात गाडले आहे, आणि तरीही मोटर अडखळत नाही.

पक्षी या टेबलावर ठेवला आहे. हँडल दोन्ही बाजूंनी फिरवून पाहावे.