आधी आवाज कमी करा, मग सूर बघू

समूहगानाच्या तालमीत एक साधी परीक्षा घ्या. पेटीवर षड्ज, म्हणजे सा, द्या, पेटी बंद करा आणि समूहाला अख्खं गाणं म्हणू द्या. संपल्याबरोबर तोच षड्ज पुन्हा वाजवा. बहुतेक वेळा मंडळी खाली आलेली असतात, कधी चक्क अर्ध्या सुरानं. अशा वेळी 'कान द्या, कान द्या' म्हणून काही साधत नाही. फोनवर रेकॉर्ड करा आणि ओळ संपेल तिथे थांबून पट्टी ताडून पाहा.

घसरण्याच्या जागा ठरलेल्या आहेत. उतरताना पावलं जरा मोठी पडतात, चढताना जरा छोटी. तोटा दोन्हीकडून खालीच. एकच सूर चार-पाच अक्षरांवर आला की दर अक्षराला तो किंचित बसतो. आणि ओळीचा शेवटचा लांब सूर, कारण तिथे दम संपत आलेला असतो. या शेवटच्या जागेला उपाय सोपा आहे: श्वास कोणी कुठे घ्यायचा हे वाटून द्या, म्हणजे सगळे एकदम रिकामे होत नाहीत.

पण मूळ दुखणं बहुधा जोरात गाण्याचं असतं. आपला आवाज आपल्याला हवेतून येतो तसा कवटीच्या हाडांतूनही येतो. मोठ्यानं गाणाऱ्याला मग स्वतःशिवाय काही ऐकू येत नाही. शेजारी वाढवतो म्हणून हाही वाढवतो. नियम एकच ठेवा: शेजाऱ्याचा आवाज आपल्याइतका ऐकू आला पाहिजे. अर्धवर्तुळात, हातभर अंतर सोडून उभं राहिलं की हे बरंच सोपं जातं.

सूर एक असूनही बेसूर वाटतं, तेव्हा स्वरवर्ण तपासा. एकाचा 'आ' रुंद, दुसऱ्याचा 'अ'कडे झुकलेला. सगळ्यांनी 'ऊ'वर सूर लावायचा आणि चार मात्रांत हळूहळू 'आ' उघडायचा. कुठल्या मात्रेला फाटतं ते लगेच कळतं.

आता गंधार, म्हणजे ग. ही जागा मला फार महत्त्वाची वाटते. ग आणि सा यांच्या कंपनांचं प्रमाण नेमकं 5:4 असेल, त्या गंधारापेक्षा पेटीचा शुद्ध गंधार, अर्ध्या सुराचे 100 भाग केले तर, सुमारे 14 भाग चढा असतो. एक गट सा, दुसरा प आणि तिसरा ग धरून उभा असेल तर एवढा फरक जाणवतो. म्हणून तंबोऱ्यावर फक्त सा आणि प द्या. गंधार गळ्यानं शोधू द्या. वरून हळूहळू खाली या, सुरांमधली थरथर मंदावत जाते आणि एका जागी थांबते. ती जागा. गाण्याला पेटीची साथ शेवटपर्यंत असेल तर मात्र पेटीशी भांडू नका, तिच्याबरोबर गा.

एखाद्याला सूरच सापडत नसेल तर त्याला पेटीमागे धावायला लावू नका. तो जो सूर लावतोय तो आपण लावायचा, आणि मग दोघांनी मिळून भोंग्यासारखं घसरत हव्या त्या सुरावर जायचं. स्त्री आणि पुरुष आवाजात सप्तकाचा घोळ होतो, म्हणून नमुना त्याच जातीच्या आवाजाचा द्या.

गळ्याचा पल्ला वाढवायचा तोही हळू आवाजातच. साधी सरबताची नळी घ्या, तिचं टोक पेलाभर पाण्यात दोन-तीन सेंटिमीटर बुडवा आणि नळीतून 'ऊ' करत खालून वर, वरून खाली घसरा. तीन मिनिटं पुरे. नळीभोवती ओठ बंद असल्यानं आतला दाब स्वरतंतूंना हलकं मिळायला मदत करतो. बुडबुडे सलग आले पाहिजेत. तुटले तर दम डळमळतोय. मग 'सारेगमप मगरेसा' 'ऊ'वर, दर फेरीला अर्धा सूर वर. हनुवटी उचलली गेली किंवा मानेच्या शिरा दिसल्या की थांबायचं, आणखी एक फेरी नाही. आवाज जिथे फुटतो तिथे खालून रेटणं व्यर्थ आहे; वरच्या बारीक आवाजात सुरुवात करा आणि तो हलकेपणा न सोडता खाली उतरा. खर्ज फारसा वाढत नाही, स्वरतंतूंच्या लांबी-जाडीनं त्याची हद्द बरीचशी ठरलेली असते.

आणि व्यायामात लागलेला सर्वांत वरचा सूर गाण्यात धरू नका. पट्टी ठरवताना त्याखाली निदान एक पूर्ण सूर राखून ठेवा. गाताना घसा दुखला तर तालीम थांबवायची. आवाज बसलेला दोन-तीन आठवड्यांत सुटला नाही तर घशाच्या डॉक्टरांना दाखवायचं.