गोकाकचा गेंडा

(दृश्य : घटप्रभेची दरड, सकाळचं कोवळं ऊन. वर काळी माती, मध्ये पिवळसर गाळ, तळाशी गोटे.)

खानापुरात भात, गोकाकात ज्वारी. बेळगाव भागातल्या कुठल्याही शेतकऱ्याला यात नवल वाटणार नाही. मलप्रभा उगवते त्या कणकुंबीला पाऊस झोडपून काढतो आणि पूर्वेकडं सरकावं तसा तो विरळ होत जातो. ऐन, किंदळ, जांभूळ मागं पडतात. खैर, बाभूळ, हिवर दिसू लागतात. शंभर किलोमीटरच्या आत हा सगळा पालट होतो.

पण ओल्या आणि कोरड्या मुलखामधली ही सीमा कायम इथंच होती का?

भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणातले रॉबर्ट ब्रूस फूट एकोणिसाव्या शतकात हा मुलूख पायाखाली घालत होते. गोकाकजवळ त्यांना गेंड्याची हाडं सापडली. त्यांचं वर्णन 1874 मध्ये छापून आलं, आणि त्या गेंड्याला जे शास्त्रीय नाव मिळालं त्यात दख्खन आहे. आज ज्या माळावर शेळ्या बाभळीचा पाला ओरबाडतात, तिथं गेंडा! त्याला बारमाही पाणी हवं, लोळायला चिखल हवा, चरायला भरपूर हिरवा चारा हवा.

मग इथं सगळीकडं दाट जंगल होतं, असं म्हणायचं? मला तशी घाई करावीशी वाटत नाही. कोरड्या मुलखातही नदीच्या वळणावर दलदल असू शकते. गेंडा त्या दलदलीची साक्ष देतो. मैलभर पलीकडच्या माळाबद्दल त्याला विचारून उपयोग नाही.

माळाची साक्ष काढायची तर मातीकडं जावं लागतं.

(दृश्य : दरडीतून निघालेला पांढरट, ओबडधोबड खडा तळहातावर.)

हा चुनखडीचा खडा. नांगराला लागतो म्हणून आपण तो बांधावर फेकतो. जिथं पाऊस बेताचा असतो, तिथं मातीतला चुना धुऊन न जाता असा गोळा होतो. म्हणजे खडा असणं हीच कोरडेपणाची पहिली खूण. त्याच्या पोटातला कार्बन त्याहून पुढचं सांगतो. ज्वारी, ऊस आणि उष्ण माळावरची बहुतेक गवतं हवेतला कार्बन एका तऱ्हेनं घेतात. भात आणि जवळपास सगळी झाडं दुसऱ्या तऱ्हेनं. त्यामुळं जड आणि हलक्या कार्बनचं प्रमाण दोन्हींत वेगळं असतं. खड्यातलं ते प्रमाण प्रयोगशाळेत मोजलं, की खडा तयार होत असताना वर गवत डोलत होतं की झाडांची सावली होती, याचा अंदाज येतो. खानापूर की गोकाक, हा प्रश्न त्या खड्यालाच विचारता येतो.

कुठली झाडं होती हे सांगू शकणारे परागकण मात्र इथल्या काळ्या मातीत क्वचितच टिकतात. ती दरवर्षी भेगाळते, हवा आत शिरते, ते कुजून जातात. गवताच्या पेशींमधले सिलिकाचे सूक्ष्म कण त्यापेक्षा चिवट. उसाच्या पातीनं हात कापतो त्याला हीच सिलिका कारण. गवत कुजलं तरी ते कण मातीत राहतात, आणि आकारावरून गवताचा गट ओळखता येतो.

आणि माणसं? घटप्रभेच्या खोऱ्यात पुण्याच्या डेक्कन कॉलेजच्या आर. एस. पप्पूंनी दगडी हत्यारांचा माग काढला. खाली बागलकोट जिल्ह्यात अनगवाडीला नदीच्या गोट्यांच्या थरात हातकुऱ्हाडी मिळाल्या. त्या फार जुन्या. कितीतरी नंतरच्या लोकांनी गारगोटीसारख्या बारीक पोताच्या दगडांची नखाएवढी पाती काढली. अशी पाती वापरणाऱ्या लोकांनी गेंडा पाहिला होता, याचा पुरावा गुजरातेत लांघणजला आहे. तिथं पुरातत्त्वज्ञ ह. धी. सांकलियांच्या उत्खननात गेंड्याच्या खांद्याचं हाड निघालं. त्यावर ठोकल्याच्या खुणा होत्या. ते ऐरणीसारखं वापरलेलं होतं.

सुमारे 20,000 वर्षांपूर्वी, हिमयुगाच्या ऐन कडाक्यात, इथला पावसाळा दुबळा होता. 11,700 वर्षांपूर्वीच्या सुमारास तो काळ सरला आणि पुढची काही हजार वर्षं पावसानं जोर धरला. गोकाक कधी अधिक कोरडं, कधी अधिक ओलं. शेती नसलेल्या माणसाला ही सरकती सीमा पायांनी कळत असणार. पाणवठे आटले की पश्चिमेकडं जंगलात, पावसाची झड लागली की पूर्वेला उघड्या माळावर. मला त्यांची वस्ती एका ठिकाणी दिसत नाही. ती या शंभर किलोमीटरच्या वाटेवर पसरलेली दिसते.

हे तपासायचं तर थर जागेवर हवेत. हत्यार कुठल्या थरात होतं, त्याच थरात खडा होता का, कोळशाचा कण होता का, हे जागेवरच कळतं. वीटभट्टीसाठी काठाची गाळमाती खणली जाते, वाळूसाठी काठ पोखरले जातात, तेव्हा हत्यार एखाद वेळी हाती लागतंही; त्याच्या भोवतीचा मुलूख मात्र ट्रॉलीतून निघून गेलेला असतो.

(दृश्य : पुन्हा तीच दरड. कॅमेरा सावकाश खाली येतो.)

ही दरड अजून शाबूत आहे. काळ्या मातीखाली खड्यांची पांढरी रेघ दिसते ना? तिच्याखाली पिवळसर गाळातच हातभर पट्टा आहे, रंगानं गडद. तो चिखलाचा. त्या वेळी इथं पाणी साचून राहत होतं.