दृश्य त्यांचे, शब्द दुसऱ्यांचे

१७ नोव्हेंबर २००१ रोजी अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षांचे साप्ताहिक नभोवाणी भाषण त्यांच्या पत्नी लॉरा बुश यांनी केले. अफगाणिस्तानावरील बॉम्बहल्ले सुरू होऊन सहा आठवडे होत आले होते, आणि दहशतवादाविरुद्धचा हा लढा स्त्रियांच्या हक्कांसाठी आणि प्रतिष्ठेसाठीही आहे, असे त्यांनी सांगितले. तालिबानने स्त्रियांवर केलेला जुलूम खराच होता. प्रश्न आहे तो युद्धाच्या समर्थनासाठी त्याचा वापर कसा झाला, हा.

हा युक्तिवाद जुना आहे. १८८३ ते १९०७ या काळात इजिप्तचा कारभार प्रत्यक्षात ज्यांच्या हाती होता, ते ब्रिटिश प्रशासक लॉर्ड क्रोमर पडदापद्धतीला त्या देशाच्या प्रगतीतील अडथळा मानत. त्यांच्याच अमदानीत तेथील सरकारी शाळांचे शुल्क मात्र वाढले, आणि मायदेशी परतल्यावर, स्त्रियांना मताधिकार मिळू नये म्हणून स्थापन झालेल्या पुरुषांच्या संघटनेचे ते अध्यक्ष झाले. परक्या स्त्रीविषयीची कणव राज्य टिकवण्याच्या कामी येत होती.

क्रोमर यांच्या हाती अहवाल आणि ग्रंथ होते. २००१ साली वृत्तवाहिन्या होत्या. नोव्हेंबर १९९९ मध्ये काबूलच्या क्रीडांगणावर एका स्त्रीला जाहीरपणे गोळी घालण्यात आली, तेव्हा ‘रावा’ या अफगाण स्त्रियांच्या संघटनेने बुरख्याआड कॅमेरा लपवून ते चित्रित केले. पकडले गेल्यास काय होईल हे ठाऊक असताना केलेले ते धाडस होते. पुढे पाश्चात्त्य वाहिन्यांनी ती दृश्ये वारंवार दाखवली. १९७७ पासून काम करणारी आणि तालिबानच्या राजवटीत मुलींसाठी गुप्त वर्ग चालवणारी हीच संघटना बॉम्बहल्ल्यांच्या विरोधात होती. त्या विरोधाला मात्र दृश्यांइतकी जागा मिळाली नाही. पीडित म्हणून पडद्यावर येणाऱ्या स्त्रीला आपल्या देशाच्या भवितव्याबद्दल स्वतःचे मत असू शकते, हेच त्या मांडणीत बसत नव्हते.

परक्यांकडे पाहण्याची ही नजर पुढेही दिसली. फेब्रुवारी २०२२ मध्ये रशियाने युक्रेनवर हल्ला केला तेव्हा, त्या देशाची राजधानी कीव येथून बोलताना एका अमेरिकी वाहिनीच्या वार्ताहराने, हे शहर इराक किंवा अफगाणिस्तानच्या तुलनेत सुसंस्कृत आणि युरोपीय असल्याने येथे असे घडेल अशी अपेक्षा नव्हती, अशा आशयाचे विधान केले आणि नंतर माफी मागितली. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये युरोपीय संघाचे परराष्ट्र धोरणप्रमुख जोसेप बोरेल यांनी युरोपला बाग आणि उर्वरित जगाच्या बहुतांश भागाला जंगल म्हटले. बेल्जियममधील ब्रुज शहरातले ते भाषण तरुण राजनैतिक अधिकाऱ्यांच्या प्रशिक्षणाच्या उद्घाटनाचे होते. वार्ताहराच्या तोंडून घाईत निसटले, ते येथे उद्याच्या अधिकाऱ्यांना जगाचे वर्णन म्हणून ऐकवले गेले, आणि आम्हाला अधिक गंभीर वाटते ते हेच.